क्रेनवरचे तीन एसी: बुटीबोरीतील एक प्रकरण

नागपूरहून वर्धा रोडने निघालं की तासाभराच्या आत बुटीबोरीची औद्योगिक वसाहत लागते. तिथल्या एका मध्यम आकाराच्या पोलाद कारखान्याचं हे प्रकरण आहे. भंगार लोखंड विजेच्या भट्टीत, इंडक्शन फर्नेसमध्ये, वितळवायचं, लॅडलमध्ये (वितळलेला माल नेण्याच्या मोठ्या भांड्यात) ओतायचं, क्रेनने उचलून कास्टिंग मशीनपर्यंत न्यायचं आणि बिलेट (पोलादाच्या लांब चौकोनी कांड्या) पाडायचे, असं इथलं काम. कारखान्याचं नाव देत नाही, कारण इथे घडलं ते विदर्भातल्या कोणत्याही मेल्ट शॉपमध्ये, म्हणजे लोखंड वितळवण्याच्या विभागात, घडू शकतं. बऱ्याच ठिकाणी घडतंच.

तक्रार एका ओळीची होती. लॅडल क्रेनच्या पॅनल रूमचा (क्रेनवरच्या विजेच्या उपकरणांच्या खोलीचा) एसी उन्हाळ्यात टिकत नाही. एसी बंद पडला की क्रेनचे ड्राइव्ह, म्हणजे मोटरांचा वेग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणं, तापतात, ड्राइव्ह ट्रिप झाले (आपोआप बंद पडले) की क्रेन आहे तिथे थांबते, आणि कधी कधी ती वितळलेल्या मालाने भरलेली लॅडल लटकवून थांबते. लॅडल वीस-पंचवीस मिनिटं अडकली तर माल जमायला लागतो, कास्टिंग तुटतं आणि ती हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेला माल, परत फर्नेसमध्ये टाकावी लागते. म्हणजे विजेचा खर्च दुप्पट. सुरक्षेचा प्रश्न तर वेगळाच.

पर्चेस विभागाने मला पाठवलेल्या पत्रात विचारलं होतं, "किती टनाचा एसी लावावा?" कारखान्यांच्या एसीच्या या क्षेत्रात बहुतेक चौकशा याच प्रश्नाने सुरू होतात आणि तिथेच चुकतात.

आधी काय काय झालं होतं

क्रेन ४० टनांची, डबल गर्डर, म्हणजे दोन आडव्या तुळयांची. तिच्या एका गर्डरवर पत्र्याची खोली: लांबी ५ मीटर, रुंदी २, उंची २.३. आत मेन होइस्टचा (मुख्य उचलीचा) ५५ किलोवॅट, ऑक्झिलरी होइस्टचा (दुय्यम उचलीचा) २२, लाँग ट्रॅव्हलचे (क्रेन रुळांवरून सरकवणारे) १५-१५ आणि क्रॉस ट्रॅव्हलचा (ट्रॉली गर्डरवरून सरकवणारा) ७.५ किलोवॅट अशा मोटरांचे ड्राइव्ह. क्रेन आली तेव्हा या खोलीत दीड टनाचे दोन घरगुती स्प्लिट एसी बसवलेले होते. पहिल्याच उन्हाळ्यात ते बंद पडायला लागले. मग दीडचे काढून दोन टनांचे लावले. पुढच्या उन्हाळ्यात तक्रार तीच. मग दोनाचे तीन केले. आता खोलीत सहा टन एसी होता. एवढ्यात शहरातलं एक मोठं घर गार होईल.

तिसरा एसी आल्यावर बंद पडणं वाढलं. मेंटेनन्सच्या साहेबांचा तर्क असा की मालच खराब येतोय, कंपनी बदलून पाहू. एसीवाल्याचा तर्क असा की गॅस कमी होतोय, भरून देतो. दर काही आठवड्यांनी तो वर चढून गॅस भरत होता. गॅस खरंच कमी होतही होता, पण त्याचं कारण निराळं होतं. त्याकडे नंतर येतो.

ऑपरेटरचं एक वाक्य

मे महिन्यात, नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस) तोंडावर असताना, आम्ही मोजमापाला सुरुवात केली. त्याआधी क्रेनच्या ऑपरेटरशी बोललो. मेल्ट शॉपमध्ये वर्षानुवर्षं काढलेला माणूस. मी विचारलं, "काका, एसी नेमका कधी बंद पडतो? भरलेली लॅडल खाली असताना का?"

ते म्हणाले, "नाही नं साहेब. भरलेली असते तवा काही होत नाही. रिकामी लॅडल खाली उतरवून राहिलो का मंग दोन-चार मिनिटात टपकन बंद. सगळे म्हणतात आगीमुळे होते. आग तर तवा खाली राहतच नाही."

शॉपमधल्या कुणीही हे मनावर घेतलं नव्हतं. १६०० अंशांचं लोखंड खाली असताना एसी चालतो आणि रिकामं भांडं उतरवताना बंद पडतो, हे ऐकायला उफराटं वाटतं म्हणून. पण दुखणं नेमकं तिथेच होतं.

आम्ही तिन्ही आउटडोअर युनिटच्या हवा आत घेणाऱ्या बाजूला थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) लावले, एक खोलीत आणि एक छताखाली मोकळ्या हवेत. सगळे एका लॉगरला, म्हणजे नोंद ठेवणाऱ्या यंत्राला, जोडले. लॉगरच्या वेळा आणि ड्राइव्हमधली घटनांची नोंद शेजारी-शेजारी ठेवली. बाहेर सावलीत ४५ अंश असलेल्या दुपारी छताखालची हवा ५३-५४ होती. कंडेन्सरच्या (आउटडोअर युनिटमधल्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) तोंडाशी ५८. आणि रिकामी लॅडल उतरली की ६५ च्या पुढे उसळी, मग ट्रिप.

तापमान कुठे मोजता याला किती अर्थ असतो हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि दिवसभर मोबाइलवर तो आकडा फिरत राहिला. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तिथे आकडाच खोटा होता. कारखान्यात उलटं होतं. नागपूरच्या सोनेगाव वेधशाळेचा आकडा खरा, पण तो सावलीतल्या, वारा खेळत्या हवेचा. पर्चेसच्या कागदात 'कमाल तापमान ४७' असं लिहिलेलं होतं. कंडेन्सरला ती हवा आयुष्यात कधी मिळालीच नव्हती.

उष्णता कुठून येत होती

क्रेन भार खाली उतरवते तेव्हा मोटर जनरेटरसारखी वागते. ती वीज ड्राइव्ह परत लाइनवर पाठवू शकत नसेल तर ब्रेकिंग रेझिस्टरमध्ये जाळून टाकावी लागते. या क्रेनवर तशीच व्यवस्था होती. रिकामी लॅडल १२ टनांची, उतार ९ मीटरचा, वेग मिनिटाला ६ मीटर. म्हणजे दीड मिनिट. या उतारात सुमारे १०.६ लाख ज्यूल सुटतात. गिअर आणि मोटरमधला ऱ्हास वजा केला तर रेझिस्टरवर दीड मिनिटभर नऊ-साडेनऊ किलोवॅट पडतात. दोन टनांच्या एका एसीचा कंडेन्सर चालू असताना बाहेर टाकतो ती उष्णताही साधारण दहा किलोवॅटच.

रेझिस्टरची जाळीदार पेटी आउटडोअर युनिटच्या रांगेला लागून होती. क्रेन बनवणाऱ्याने ती मोकळ्या जागेत ठेवली होती. एसी नंतर आले आणि वॉकवेवर जिथे जागा दिसली तिथे ब्रॅकेट मारून बसवले गेले. पेटी तापली की तिची हवा थेट पहिल्या कंडेन्सरमध्ये शिरायची. शिवाय तिन्ही युनिट एकामागे एक, एकाच तोंडाने. पहिल्याने फेकलेली गरम हवा दुसरा घेई, दुसऱ्याची तिसरा. तिसरा एसी आल्यावर तक्रार वाढली ती यामुळे. आणखी एक मशीन म्हणजे त्याच कोपऱ्यात आणखी दहा किलोवॅट.

भरलेली लॅडल वर चढते तेव्हा मोटर वीज घेते, रेझिस्टर थंड असतो. पुढे ती स्टँडवर ठेवताना जेमतेम मीटरभर उतरते. पूर्ण उतार फक्त रिकाम्या लॅडलला. ऑपरेटरचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं.

घरगुती एसी इथे का हरतो

घरगुती एसीची क्षमता बाहेर ३५ आणि आत २७ अंश धरून सांगितलेली असते. उष्ण देशांसाठी जी वेगळी चाचणी आहे तिच्यात बाहेरचं तापमान ४६ धरतात. अनेक उत्पादक ५२ अंशांपर्यंत यंत्र चालेल असं म्हणतात, पण 'चालेल' आणि 'लेबलावर लिहिलेली थंडी देईल' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

खरी अडचण गॅसची आहे. कंडेन्सरमध्ये गॅसला द्रव व्हायचं तर त्याला बाहेरच्या हवेपेक्षा साधारण बारा-पंधरा अंश जास्त गरम राहावं लागतं. हवा ६० असेल तर कंडेन्सिंग ७२-७५ वर जातं. हल्लीच्या घरगुती एसींत आर-३२ असतो. त्याचं क्रांतिक तापमान ७८ अंश, आणि त्या वर कितीही दाबलं तरी तो द्रव होतच नाही. आर-४१०ए तर ७१ अंशांच्या जरा वरच थांबतो. ७८ च्या बरंच आधी दाब ४५ बारच्या आसपास जातो आणि हाय-प्रेशर कटआउट कॉम्प्रेसर थांबवतो. कटआउटने थांबवणं म्हणजे बिघाड नव्हे. तो न थांबवता तर कॉम्प्रेसर जळाला असता.

आर-१३४ए चं क्रांतिक तापमान १०१ अंश आहे आणि ७० अंशांना त्याचा दाब २१ बारच्या घरात राहतो. म्हणून क्रेनसाठी, भट्टीजवळच्या कंट्रोल रूमसाठी बनवलेली यंत्रं बहुधा आर-१३४ए वर चालतात. एका टनामागे त्यांचा कॉम्प्रेसर मोठा लागतो, वीजही जरा जास्त खातात. बिल पाहून कुरकुर होते. होऊ द्यावी.

गॅस कमी होण्याचं कारणही वर उभं राहिलं की पायाला कळत होतं. क्रेन रुळाच्या जोडावरून गेली की अख्खा गर्डर हादरतो. घरगुती स्प्लिटचे पाइप फ्लेअर नटने जोडलेले असतात. भिंतीवर ते वर्षानुवर्षं टिकतात, क्रेनवर दोन महिन्यांत सैल होतात. त्यात फर्नेसची धूळ. काळी, बारीक, लोहयुक्त, हात लावला की चिकटणारी. घरगुती कंडेन्सरच्या फिन (उष्णता सोडणाऱ्या पातळ पत्र्या) इतक्या दाट असतात की या धुळीने आठवड्यात त्यांची गादी होते. एसीवाला गॅस भरून जायचा. ना नट बदलायचा, ना फिन धुवायचा.

आणखी एक बारीक गोष्ट. तिन्ही एसी कंट्रोल ट्रान्सफॉर्मरवरून २३० व्होल्ट घेत होते. तिसरा जोडल्यावर ट्रान्सफॉर्मरवर भार वाढला आणि सुरू होताना व्होल्टेज दोनशेच्या खाली घसरायला लागलं. ट्रान्सफॉर्मर मोठा घ्या असं कुणी सुचवलंही नाही, कारण ते काम इलेक्ट्रिकल विभागाचं आणि एसी युटिलिटी विभागाचा.

सर्वांत वाईट सापडलं ते शेवटी

तीन इनडोअर युनिट, तीन ड्रेन पाइप. ते एकत्र करून गर्डरच्या कडेवरून खाली सोडलेले होते. मोकळे.

मे महिन्यात त्यातून थेंबही पडत नव्हता, हवा कोरडी असल्याने. पण जुलै-ऑगस्टमध्ये तीन एसी मिळून ताशी कित्येक लिटर पाणी काढू शकतात. खाली उघडी लॅडल. एक लिटर पाण्याची साध्या उकळबिंदूला सुमारे १७०० लिटर वाफ होते. वितळलेल्या पोलादावर नुसतं पडलं तर बरंचसं पृष्ठभागावरच उडून जातं. स्लॅगखाली (धातूवर तरंगणाऱ्या मळीखाली) किंवा धातूत कोंडलं गेलं तर उसळून लॅडलमधला माल बाहेर फेकतं. सेफ्टी ऑफिसरला वर नेऊन तो पाइप दाखवला. त्याच संध्याकाळी तात्पुरती टाकी लावून ड्रेन तिच्यात वळवला गेला. एसीच्या बाकी चर्चेला महिने लागले, या एका गोष्टीला दोन तास.

याच कारणाने एक सूचना तिथल्या तिथे बाद झाली. कंडेन्सरसमोर कूलरच्या जाळ्या लावून पाणी सोडावं, असं दोघा-तिघांनी सुचवलं होतं. नागपूरकराला हे सुचणारच. ४५ अंशांच्या हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या जाळीतून ती २४-२५ पर्यंत उतरू शकते. उन्हाळाभर अख्खं शहर त्यावरच काढतं. जमिनीवरच्या कॉम्प्रेसर रूमला मी हा उपाय आनंदाने सुचवतो. लॅडलच्या डोक्यावर पाणी नाही म्हणजे नाही.

काय बदललं

पहिलं काम फुकटात पडल्यासारखं होतं. रेझिस्टरची पेटी गर्डरच्या दुसऱ्या टोकाला नेली, मध्ये पत्र्याचा पडदा घातला. केबल थोडी लांबली. याच्या जोडीला आउटडोअरची तोंडं फिरवून एकाची हवा दुसऱ्यात जाणार नाही असं केलं. रिकाम्या लॅडलनंतरची उसळी तिथेच थांबली.

खरी लढाई तापमानाच्या आकड्यावरून झाली. तिन्ही रिमोट १८ वर लावलेले होते. ड्राइव्ह साधारण ४० अंशांपर्यंत पूर्ण क्षमतेने चालतात, त्यापुढे क्षमता उतरवून ५० पर्यंत. त्यांना १८ अंशांची काही गरज नसते. उघड्या पत्र्याची खोली, ५२ चौरस मीटर पृष्ठभाग, बाहेर ५४ आणि आत १८ असं धरलं तर नुसत्या पत्र्यातून दहा किलोवॅटच्या वर उष्णता आत येते. आत ३२ ठेवलं तर साडेसहाच्या आत. ५० मिलिमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारी खनिज लोकर) लावलं की एक किलोवॅटपेक्षाही कमी. ड्राइव्हची स्वतःची उष्णता सगळे एकाच वेळी पूर्ण भाराने चालले तरी साडेतीन, प्रत्यक्षात दोनच्या आसपास. म्हणजे इन्सुलेशन आणि ३२ चा आकडा मिळून जे काम झालं, ते चौथा एसीही करू शकला नसता.

हे पटवताना नाकी नऊ आले. "साहेब, ३२ म्हणजे एसी बंदच म्हणा नं," असं एक फिटर म्हणाला, आणि त्याचं चुकत नव्हतं. या खोलीत जाऊन घाम पुसायची त्यांची एकुलती जागा जात होती. दुसरीकडे १८ अंशांचं आणखी एक नुकसान पावसाळ्यात व्हायचं. ऑगस्टमध्ये नागपूरच्या हवेचा दवबिंदू (ज्याच्या खाली हवेतलं पाणी थेंब होऊन धरतं ते तापमान) २४-२५ असतो. १८ अंशांच्या खोलीत फटींतून ती हवा शिरली की पॅनलवर, बसबारवर पाणी धरतं. दोन जुने कार्ड जळाले होते ते पावसाळ्यातच, आणि त्यांचं खापर व्होल्टेजवर फोडलं गेलं होतं. ३२ ला हा प्रश्न उरत नाही. आकडा लॉक करायचा आणि फिटरांना खाली थंड हवेची विश्रांतीची खोली द्यायची, असं ठरलं. ती खोली झालीही, हे कारखान्याच्या बाजूने सांगायला हवं.

खोलीच्या आतला जुना थर्माकोल खरवडून काढला. इलेक्ट्रिकल खोलीत तो कुणी आणि कोणत्या डोक्याने लावला हे कळलं नाही. तळाला, लॅडलच्या बाजूने, चार बोटं अंतर सोडून दुसरा पत्रा ठोकला, म्हणजे किरणांची थेट झळ त्याने खाल्ली आणि मधल्या हवेने वाहून नेली. केबल जिथून येतात तिथली भोकं ग्लँड लावून बंद केली, आणि गाळणीतून थोडी हवा आत ढकलणारा छोटा पंखा बसवला. आतला दाब किंचित जास्त राहिला की धूळ फटीतून बाहेर राहते. बाहेरची गरम हवा आत घेण्याचा तोटा अगदी थोडा, जेमतेम एक तृतीयांश किलोवॅट.

त्यानंतर एसी. क्रेनसाठी बनवलेली दोन यंत्रं, एक चालू, एक राखीव, ठरलेल्या तासांनी आपोआप बदलणारी. आर-१३४ए, विरळ फिन आणि त्यावर लेप, पाइप ब्रेझिंगने (झाळून) जोडलेले, कॉम्प्रेसर रबरी पायांवर, थेट ४१५ व्होल्टवर, वीज आली-गेली तर काही मिनिटं थांबूनच सुरू होणारी. ड्रेन नाहीच, जमलेलं पाणी यंत्राच्याच गरम गॅसच्या नळीवर वाफ होऊन जातं. एकेकाची ३५ अंशांवरची क्षमता जेमतेम दोन टन. सहा टनांच्या जागी दोन टन चालू. पर्चेसने किंमत पाहून तेवढ्या पैशांत किती स्प्लिट येतात याचा हिशेब मांडला. मी त्यांना एका अडकलेल्या हीटचा हिशेब मांडायला सांगितलं. तो आकडा त्यांनी मला दाखवला नाही, पण ऑर्डर निघाली.

पुढचा उन्हाळा

नवतप्यात छताखालची हवा तशीच ५३-५४. कंडेन्सरच्या तोंडाशी ५५-५६, म्हणजे जवळपास छताखालच्या हवेइतकीच. खोली ३१ ते ३३. ड्राइव्ह तापून क्रेन थांबण्याचा प्रकार त्या उन्हाळ्यात झाला नाही. खोली आधी ५० ला टेकायची, आता बत्तीस-तेहतीस. ड्राइव्हमधल्या कॅपॅसिटरना याचा फायदा पुढे वर्षांत दिसेल, कारण दर दहा अंशांनी त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे.

अडचण आली ती गाळणीची. दर आठवड्याला कंडेन्सर आणि गाळणी दाबाच्या हवेने साफ करायची, आतून बाहेर, असं लिहून दिलं होतं. ठेकेदाराची पोरं बाहेरून आत हवा मारायची, म्हणजे धूळ फिनमध्ये आणखी घट्ट. जूनमध्ये एका यंत्राचा दाब चढला म्हणून ते लक्षात आलं. आता क्रेनच्या साप्ताहिक तपासणीच्या कागदावर दाबाचा आकडा लिहायचा रकाना आहे. 'साफ केले' अशी टिकमार्क चालत नाही, आकडाच लागतो.

ऑपरेटरच्या केबिनचा प्रश्न मात्र तसाच आहे. ती ट्रॉलीखाली लटकलेली, तीन बाजूंनी काच, आणि काचेतून येणारी झळ एसी कितीही मोठा लावला तरी थांबत नाही. उष्णता परतवणारी काच लावायची असं ठरलंय, कोटेशन आलंय, ऑर्डर अडलीय. त्याच शॉपमधल्या दुसऱ्या, भंगार टाकणाऱ्या क्रेनवर काढलेल्या तीनपैकी दोन स्प्लिट बसवून टाकल्याचं मला परवा कळलं. रेझिस्टरची पेटी तिथेही शेजारीच आहे का, हे विचारायला मेंटेनन्सच्या साहेबांना फोन लावला. "पाहून सांगतो भाऊ" म्हणाले.